वीज गेली की खोत सर

भिवंडीत वीज गेली, की मला डॉ. मुश्ताक खोत यांचा फोन येतो. पंखा थांबतो, खिडकीबाहेरचा यंत्रमागांचा खडखडाट बंद पडतो, आणि त्या अनोळखी शांततेत माझा फोन वाजू लागतो. "कर्णिक सर, गेली परत," पलीकडून खणखणीत आवाज येतो. "माफ करा हां. त्या दिवशी पण अशीच गेली होती." मी म्हणतो, "असू द्या सर." ते म्हणतात, "काय?" मी जरा मोठ्याने म्हणतो, "असू द्या." ते म्हणतात, "नाही नाही, माझीच चूक," आणि फोन ठेवून देतात. भिवंडीत वीज किती वेळा जाते हे जाणणाऱ्या वाचकांना, एका माणसाच्या वाट्याला किती माफ्या येऊ शकतात याची कल्पना येईल.

अडचण अशी, की ज्या गोष्टीची ते माफी मागतात ती त्यांनी केलेली नाही. ती मी केली. आमच्या संशोधनाला मिळू घातलेले सरकारी अनुदान हुकले, ते वीज गेलेली असताना मी उच्चारलेल्या एका वाक्यामुळे. हे मला त्याच दिवशी ठाऊक होते, आणि पुढची दोन वर्षे मी ते त्यांना सांगितले नाही. मी स्वभावाने हळू बोलणारा आहे. हळू बोलणाऱ्या माणसाची एक सोय असते. तो गप्प राहिला तरी कोणाच्या चटकन लक्षात येत नाही.

खोत सर आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत. मी संख्याशास्त्र शिकवतो. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले, पण कित्येक पिढ्यांपासून भिवंडीत स्थिरावलेले. वडिलांचा यंत्रमागांचा लहानसा कारखाना घराच्या मागच्या भिंतीला लागून होता. त्या खडखडाटात मुश्ताक नावाचे मूल झोपायला शिकले, बोलायला शिकले आणि अभ्यासही करू लागले. परिणाम असा झाला, की खोत सरांना ऐकू अर्धे येते आणि ते बोलतात दुप्पट. त्यांच्या वर्गातले बेडकाचे विच्छेदन शेजारच्या वर्गात माझ्या विद्यार्थ्यांनाही पाठ झाले होते.

त्यांच्याशी हस्तांदोलन करणे ही साधी गोष्ट नसे. ते तुमचा हात हातात घेत, डोळे किंचित मिटत, आणि सोडत नसत. "दाबा," ते म्हणत. "अजून. लाजू नका, ताकद लावा." मग हात सोडून निकाल देत, "चौसष्ट." हे तुमच्या हाताचे वय. माणसाचे वय आणि त्याच्या हाताचे वय या दोन स्वतंत्र गोष्टी असून, म्हातारपण आधी मुठीत येते आणि केसांत नंतर, असा त्यांचा सिद्धान्त होता. सिद्धान्तात तथ्य आहे, असे जाणकार मानतात. खोत सरांच्या निकालांविषयी मात्र माझे मत राखीव आहे. आमच्या प्राचार्यांच्या हाताचे वय त्यांनी तपासणी समितीच्या देखत एक्काहत्तर सांगितले. प्राचार्य तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. त्या दिवसापासून ते खोत सरांना लांबूनच नमस्कार करू लागले.

एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नाच्या स्वागत समारंभात तर अनर्थ ओढवला असता. पाहुण्यांची रांग मंचापर्यंत लागलेली, आणि खोत सर नवऱ्या मुलाचा हात धरून डोळे मिटून उभे. मागून लोक विचारू लागले, "काय झालं? दुवा चाललीय का?" अखेर सरांनी हात सोडला आणि, त्यांच्या मते कुजबुजत, म्हणाले, "छत्तीस." त्यांची कुजबूज आचाऱ्यापर्यंत पोहोचते. मुलीचे मामा तरातरा मंचावर आले. "छत्तीस? आम्हाला तर अठ्ठावीस सांगितलं होतं." दहावीच्या दाखल्यापर्यंत गोष्ट गेली. खोत सरांना आपल्या बोलण्याने काय घडले याचा पत्ताच नव्हता. ते बिर्याणीच्या ताटावरून मला म्हणाले, "मामा तब्येतीनं चांगले आहेत. त्यांचा हात बघायला पाहिजे."

हा नाद काही काळ निरुपद्रवी होता. मग एका सरकारी खात्याने वृद्धत्वावरील संशोधनासाठी अनुदान जाहीर केले, आणि खोत सरांना आपल्या आयुष्याचे प्रयोजन सापडले. अट एकच होती. संशोधन सहयोगी हवे; किमान दोन संस्थांनी मिळून करायला हवे. जाहिरात हातात फडकावीत ते माझ्या खोलीत शिरले. "कर्णिक सर, आपण दोघं. दुसरी संस्था नंतर शोधू. हात माझे, आकडे तुमचे. भिवंडीच्या लूम कामगारांचे हात कधी म्हातारे होतात, ते सरकारला दाखवायचं."

"पण सर, अनुदानाचा प्रस्ताव म्हणजे फार..."

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो. आणि अशा रीतीने मी सहअन्वेषक झालो.

त्या दिवसापासून सरांच्या भाषेत दोन शब्द कायमचे वस्तीला आले, आवर्ती खर्च आणि अनावर्ती खर्च. पुन्हापुन्हा करावा लागतो तो आवर्ती, एकदाच होतो तो अनावर्ती. प्रस्तावाच्या अर्जात ही विभागणी असते. सरांनी ती संसाराला लावली. रेहाना भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "घरी पाहुणे आले की हे आतून विचारतात, आवर्ती की अनावर्ती? माझा भाऊ आवर्ती हाय म्हणे. तो ऐकत होता तिथं बसून."

आणि तिसरा वाक्प्रयोग, "मंजुरी आली की." सरांच्या चष्म्याची काडी तुटली होती, ती त्यांनी सुताने बांधली होती. "मंजुरी आली की बघू." पुढचा दात हलत होता, मंजुरी आली की. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, मंजुरी आली की. भाभींनी तो नळ एकदा मला मुद्दाम दाखवला. "हा बघा, कर्णिक सर. हा पण दिल्लीकडं डोळे लावून बसलाय."

मंजुरीच्या आधी प्रायोगिक पाहणी करायची होती. हाताची पकड मोजण्याचे खरे उपकरण अनुदानातून येणार असल्याने, सरांनी रक्तदाब मोजायचे एक जुने पाऱ्याचे यंत्र पैदा केले. त्याच्या पट्ट्याची गुंडाळी करायची, तीत थोडी हवा भरायची, आणि ती मुठीत दाबायला सांगायची. पारा चढेल तेवढी पकड. कल्पना चांगली होती. फक्त लोकांना ते रक्तदाबाचे यंत्रच वाटे. चहाच्या टपरीवर सरांनी पेटी उघडली, की बघता बघता रांग लागे. दाबून झाल्यावर माणूस हलत नसे. "बस?" सर म्हणत. "झालं." तो म्हणे, "गोली?" खोत सरांनी गोळी दिली नाही म्हणून एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि खासगी आवाजात म्हणाले, "साहब, बड़े डॉक्टर आप हो ना?"

तुलनेसाठी शेतकऱ्यांचे हात हवे होते, म्हणून आम्ही यंत्र घेऊन एस.टी.ने गणेशपुरीला गेलो. गरम पाण्याच्या कुंडांवर सांधे शेकायला म्हातारी माणसे येतात, हे सरांनी हेरून ठेवले होते. तिथे एक वृद्ध बाई ओल्या लुगड्याने उन्हात बसली होती. तिने गुंडाळी अशी दाबली, की पारा नळीच्या टोकाला जाऊन थरथरू लागला. सर भारावले. "आजी, वय काय तुमचं?"

"वय म्हाईत न्हाय. अजून भाताची लावनी करतंय, त्यावरून धर."

सरांनी तिचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग मला म्हणाले, "बेचाळीस." म्हातारीने माझ्याकडे पाहून विचारले, "ह्याला काय झालाय?" परतीच्या गाडीत अंबाडी नाक्यापर्यंत सर त्या हाताविषयीच बोलत होते. वाहकाला सगळे कळले. त्यानेही हात पुढे केला.

भिवंडीतली पाहणी मात्र अडली. आम्ही दापोड्याच्या वाटेवरच्या आणि गावातल्या कितीतरी शेडमध्ये फिरलो. साठीच्या वरचे कामगार हवे होते. एका मुकादमाने आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "साठ के ऊपर? सर, यहाँ तो चालीस में ही चाचा बोलने लगते हैं."

"मग पुढं काय होतं?" मी विचारले. "म्हणजे, बाद में?"

"बाद में क्या. हाथ नहीं चलता तो मुलूक जाता है. बूढ़ा होने के लिए यहाँ कौन रुकेगा?"

खोत सर एरवी अशा वेळी वाद घालतात. त्या दिवशी त्यांनी यंत्राची पेटी मिटली. ती मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि सरळ घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रस्ताव पुन्हा लिहिला. अर्धे संशोधन भिवंडीत, अर्धे उत्तर प्रदेशातल्या एका दूरच्या तालुक्यात, जिथून कामगार येतात आणि जिथे परत जातात. तिथले एक छोटे महाविद्यालय सहयोगी संस्था म्हणून मिळाले. तिथले प्राध्यापक फोनवर प्रत्येक गोष्टीला "बिल्कुल, बिल्कुल" म्हणत, आणि मागे शेळी ओरडत असे.

शिक्षकांच्या खोलीत थट्टा सुरू झाली. "काय खोत सर, सरकारी पैशानं यूपी दर्शन?" कोणी म्हणे, "सासुरवाड आहे का तिकडं?" मीही हसत असे. मी त्यांना एकदा विचारले, "कामगार इतक्या जिल्ह्यांतून येतात सर. हाच तालुका का?"

"काय?"

"हाच तालुका का?"

"ऐकू नाही येत," सर म्हणाले आणि चष्म्याचे सूत घट्ट करू लागले. आम्ही वाचनालयात बसलो होतो, आणि तिथे चिटपाखरू नव्हते. सरांना गैरसोयीचे प्रश्न ऐकू येत नाहीत, हे माझ्या ध्यानात आले होते. मी मनातल्या मनात ठरवून टाकले, की प्रवासाची हौस आहे. आहे तर असो. मला त्यांच्याविषयी जे ठाऊक नव्हते ते मी असे स्वतःच्या सोयीने भरून काढले. आता त्याचे वाईट वाटते. तेव्हा मी स्वतःला समजूतदार समजत होतो.

आमचा प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार झाला आणि सादरीकरणाचे बोलावणे आले. सादरीकरण संगणकावरून, घरबसल्या करायचे होते. सर त्यांच्या घरी, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या घरी, तिकडचे प्राध्यापक तिकडे, आणि समितीचे सदस्य छोट्या छोट्या चौकटींत दिल्लीला. सरांनी शेरवानी घातली होती. भाभींनी नवा इन्व्हर्टर पुसून ठेवला होता. सर सुरेख बोलले, मोठ्याने बोलले. समितीच्या एका सदस्याला आवाज कमी करण्यासाठी पुढे झुकताना मी पाहिले.

मग प्रश्नांच्या वेळी खोत सरांची चौकट काळी झाली. त्यांच्या भागातली वीज गेली होती आणि इन्व्हर्टरने ऐन वेळी मान टाकली होती. शेळीवाल्या प्राध्यापकांची चौकट तर केव्हाच गोठली होती. मी एकटा उरलो.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "त्या दूरच्या तालुक्याचा भाग या संशोधनाला अत्यावश्यक आहे का?"

उत्तर मला माहीत होते. मुकादमाचे वाक्य माझ्या कानांत होते. भिवंडीचे म्हातारपण भिवंडीत राहत नाही, ते तिकडे राहते. एवढे सांगितले असते तरी पुरे होते. पण अध्यक्षांच्या स्वरात मला शिक्षकांच्या खोलीतली थट्टा ऐकू आली. हे लोक आपल्याला सहलीला निघालेले समजत आहेत, असे मला वाटले, आणि त्यांनी निदान मला तसे समजू नये असे वाटले. मी म्हणालो, "अत्यावश्यक असे नाही, महोदय. तो डॉ. खोत यांचा व्यक्तिगत आग्रह आहे. आवश्यकता भासल्यास तो भाग गाळता येईल." आणि मी किंचित हसलो. त्या वाक्यापेक्षा त्या हसण्याची मला अधिक लाज वाटते.

अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद." वीज आली तेव्हा सभा संपली होती.

निकाल काही महिन्यांनी आला. नामंजूर. कारण एका ओळीत होते, सहयोगाचे संशोधनात्मक प्रयोजन स्पष्ट होत नाही. खोत सरांनी ती ओळ माझ्यासमोर वाचली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी मधेच गायब झालो. सहयोगी माणूस असा गायब होतो का? माझ्या इन्व्हर्टरमुळं तुमचं नाव वाया गेलं, कर्णिक सर. माफ करा."

त्या क्षणी मी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "असू द्या सर."

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी इन्व्हर्टर दोनदा बदलला. दुसरा इतका मोठा होता, की भाभी त्याच्यावर दळणाचा डबा ठेवू लागल्या. "अनुदान गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या, "आता वीज गेली तर आमच्या घरात लग्न लागेल एवढा उजेड पडतो." आणि प्रत्येक वेळी वीज गेली, की मला फोन. मी कबुली देण्याचा प्रयत्न केला नाही, असे नाही. ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळे सांगितले. पण ते अशा आवाजात, जो त्यांना ऐकू जाणार नाही हे मला माहीत होते. ते म्हणाले, "काय? अजून घ्या की." मी अजून घेतला. घरी जाताना, आपण बोललो आहोत, असे मी स्वतःला बजावले.

मग सर निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्यांनी अखेर धीर करून त्यांच्याशी हस्तांदोलन केले. सर डोळे मिटून उभे राहिले, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, औदार्य म्हणून म्हणाले, "पन्नास." प्राचार्यांचे डोळे भरून आले.

त्यानंतर महिनाभराने रेहाना भाभींचा फोन आला. "हे तिकडं गेलेत. यूपीला. स्वतःच्या पेन्शनमधून तिकीट काढलं. कुठल्या मंजुरीशिवाय." त्यांच्या आवाजात काळजी होती. "जाताना ते मशिन पण घेऊन गेलेत."

परत आल्यावर सरांनी मला त्यांच्या वडिलांच्या जुन्या शेडवर बोलावले. आता ती त्यांच्या चुलतभावाकडे आहे. आत माग चालू होते. दाराबाहेर एक बाकडे आहे; आम्ही चहा घेऊन त्यावर बसलो. खडखडाट इथेही होताच, पण त्या खडखडाटात सरांना अवघडल्यासारखे होत नाही. उलट तिथेच ते मोकळे बोलतात.

"इथं शिवबरन चाचा होते," ते दाराकडे बोट दाखवून म्हणाले. "तिसऱ्या मागावर. तुटलेला धागा एका हातानं जोडायचे, बघताना कळायचं नाही कधी गाठ मारली. मला शाळेत सोडायचे. पावसात तो नाला भरायचा, तर उचलून न्यायचे. मी माझ्या वडिलांचा हात धरल्याचं मला आठवत नाही, सर. चाचांचा आठवतो."

मी दारातून तिसऱ्या मागाकडे पाहिले.

"मग त्यांच्याकडून गाठ बसेना. अब्बांनी सांगितलं, आता मुलूक जा. मी कॉलेजात होतो. कल्याण स्टेशनला सोडायला गेलो. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात दिला. मी धरला, तर पकडच नव्हती त्यात. काही म्हणजे काही नाही." सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी घाबरलो आणि हात सोडून दिला. आधी मी सोडला. ते बघतच राहिले."

"मग तुम्ही आधी का नाही गेलात?" मी विचारले. त्यांना ऐकू आले. त्यांचे लक्ष माझ्या ओठांकडे होते.

"कुठल्या तोंडानं जाणार? आमच्याकडून जाताना त्यांना काही दिलं नव्हतं. इतकी वर्षं चौकशी केली नाही. नुसता जाऊन उभा राहू? सरकारी काम असतं तर गेलो असतो. पेटी घेऊन. चाचा, जरा दाबा, असं म्हणालो असतो." त्यांनी चष्म्याचे सूत घट्ट केले. "चाचा मागच्या थंडीत वारले. मुलगा म्हणाला, आपका नाम लेते थे. बोलते थे, मुस्ताक प्रोफेसर हो गया, अब काहे को आएगा."

आत माग चालले होते. सर एकदम हसले. "पण गाव बघायला पाहिजे होतं तुम्ही. कडुलिंबाखाली बाकड्यावर सगळे म्हातारे. अर्धी भिवंडी तिथं बसलीय, सर. मला विचारतात, अमक्याची शेड चालू आहे का, तो वडापाववाला अजून बसतो का. सगळ्यांचे हात घेतले मी. एकाचं पण वय सांगितलं नाही." मग त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "मंजुरी आली असती तर चाचा भेटले असते. एवढासा इन्व्हर्टर हो. त्याच्यामुळं गेलं."

माझ्या हातातला चहा थंड झाला होता. मी म्हणालो, "इन्व्हर्टरमुळे नाही, सर."

"काय?" ते चहाच्या ग्लासात पाहत होते.

"इन्व्हर्टरमुळे नाही गेलं." मी आवाज चढवला. माझ्या मते तो फार मोठा होता. शेजारून कापडाच्या गाठी घेऊन टेम्पो गेला आणि माझे वाक्य बरोबर घेऊन गेला. सर म्हणाले, "चहा गार झाला का? दुसरा सांगू?"

आणि वीज गेली.

एकामागून एक माग थांबत गेले, आणि सबंध गल्ली एकाएकी रिकामी झाल्यासारखी वाटली. वीज गेली की कामगार वाऱ्याला बाहेर येतात. तसे ते आले. कोणी उंबऱ्यावर टेकले, कोणी विडी काढली. सरांचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला. मग मी समोरच बसलो आहे हे लक्षात येऊन ते ओशाळले.

"गेली परत," ते म्हणाले. "माफ करा हां, कर्णिक सर."

"नाही सर," मी म्हणालो. माझा आवाज अजून टेम्पोच्या मापाचाच होता. "माफी मी मागायची आहे. त्या दिवशी तुमची वीज गेल्यावर समितीनं मला विचारलं, ते गाव आवश्यक आहे का. मी नाही म्हणालो. मी म्हणालो, तो खोत सरांचा हट्ट आहे, गाळून टाका. म्हणून अनुदान गेलं. मला सगळं माहीत होतं, आणि दोन वर्षं मी तुम्हाला माफी मागू दिली."

विड्या धरलेले हात थांबले. मागून एकाने विचारले, "क्या हुआ?" दुसरा हळूच म्हणाला, "मास्टर लोगों का मामला है. चुप बैठ."

सर माझ्याकडे पाहत राहिले. चष्म्याच्या काडीवरचे सूत वाऱ्याने हलत होते. मग त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात घेतला. डोळे मिटले नाहीत. दाबा म्हणाले नाहीत. धरून बसले.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काय? ऐकू नाही आलं."

गल्लीत कुठेही आवाज नव्हता. त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला होता, हे त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते आणि उंबऱ्यावरच्या त्या सगळ्यांना ठाऊक होते. मी घसा साफ केला आणि आयुष्यात कधी बोललो नाही इतक्या मोठ्याने म्हणालो,

"माझी चूक झाली, सर. मला माफ करा."